शनिवारचं वाचन आणि नीमाची खोली

चार बायका ओसरीवर बसल्या की किस्से आपोआप साठतात. आम्ही तर पुस्तक घेऊन बसतो, तरी साठतात!

पिंप्राळ्यात आमच्या अक्का राहतात, निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी दुपारी त्या आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतात. यंदा त्यांनी अमेरिका-आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय नेत्यांच्या गोष्टी घेतल्या. त्याच सुमाराला नीमा त्यांच्या ओळखीची झाली. टांझानियाची मुलगी, इथं कॉलेजात शिकते. घरमालकानं तिला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलेली. गल्लीत एकच खोली रिकामी, आमच्या शोभावहिनींची, माडीवरची. अक्कांनी शब्द टाकला. वहिनी म्हणाल्या, "बघू!"

*

पहिल्या शनिवारी अमेरिकेतल्या एका बाईंची, बसमधली गोष्ट निघाली. गोऱ्या माणसासाठी सीट सोडली नाही म्हणून अटक! मग तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्षभर बसवर बहिष्कार टाकला, कामाला पायी गेले. मी ऐकतच राहिले.

असोद्याच्या कमलताई म्हणाल्या, "वर्षभर? माझी एक बस चुकली तर मी घरी जाऊन झोपते!"

वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यांच्या मुलासाठी स्थळ आलं होतं. रडवेल्या आवाजातच त्या म्हणाल्या, "आमची काही अपेक्षा नाही हो. फक्त मुलगी गोरी पाहिजे!"



*

पुढच्या शनिवारी गोष्टीत केनियाच्या एक बाई आल्या. गावोगावच्या बायकांना घेऊन झाडं लावली, जंगल वाचवायला गेल्या, तर मार खाल्ला!

"झाडांपायी मार?" मी हबकलेच.

कमलताई म्हणाल्या, "आपल्याकडे बरं आहे. रस्त्यासाठी कडुलिंब तोडले, त्याचा नारळ फुटला, पेढेसुद्धा वाटले!"

*

मग दक्षिण आफ्रिकेच्या एका नेत्यांची गोष्ट; सत्तावीस वर्षं तुरुंगात होते. राष्ट्राध्यक्ष झाले आणि शपथविधीला पाहुणा कोण? त्यांच्यावर पहारा ठेवणारा शिपाई!

कमलताईंचं माहेर धुळ्याकडचं. धक्का बसला की त्या अहिराणीवर येतात. "माय वं! बठ्ठं खोटं शे!" सगळंच खोटं म्हणे.

वहिनी म्हणाल्या, "मी सख्ख्या जावेला हळदीकुंकवाला बोलवत नाही, आणि हे शिपायाला बोलावतात!"

*

त्याच संध्याकाळी वहिनींनी अक्कांना रस्त्यातच गाठलं. "मुलगी चांगली आहे हो. पण तिला खोली दिली तर लोक काय म्हणतील? आणि ती काय शिजवेल, कसला वास येईल!"

मी शेजारीच उभी होते. पहिल्या शनिवारी बसची गोष्ट ऐकून रडली ती बाई हीच का? 

*

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अक्कांनी नीमालाच बोलायला बसवलं. तिचं सामान बांधून झालं होतं, जायचं कुठं ते ठरलं नव्हतं. हिंदी-मराठी मिसळून तिनं आपल्या देशाच्या पहिल्या अध्यक्षांबद्दल सांगितलं. ते आधी शिक्षक होते. देशात जमाती कितीतरी, पण त्यांनी सगळ्यांना एका भाषेनं जोडलं. लोक अजून त्यांना गुरुजीच म्हणतात.

वहिनींनी एकदम विचारलं, "तुमच्याकडे परक्या माणसाला खोली देतात का गं?"

"आमच्या माडीवर गुजराती लोक राहतात," नीमा म्हणाली. "आधी शेजारी आईला सांगायचे, यांना ठेवू नको, फोडणीचा वास येतो."



"मग?" वहिनींनी विचारलं.

"आई म्हणाली, खिडक्या कशाला केल्यात?"

वहिनी नीमाजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "आपल्या माडीवर पाणी एक दिवसाआड येतं. पहाटे उठशील का?"