भुऱ्याची दुपार

जठारपेठेतल्या गीतांजली मॅडम रोज अकोला–अमरावती अप-डाऊन करतात. सकाळी सातला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. बावीस वर्षं हेच चाललंय आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते त्यांची लेक निधी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि आपला कुत्रा आईच्या गळ्यात बांधून गेली, तेव्हापासून. हा भुऱ्या. गावठी, तपकिरी, एक कान कायम मोडलेला. सकाळी मॅडमांनी पर्स उचलली की तो दाराशी असा काही तोंड पाडून बसे, की दुपारी डब्यातली पोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

परवा घरी येऊन पाहतात, तर बाजूच्या खिडकीची जाळी फाटलेली. बारा बारा तास एकटं राहून मुकं जनावर पार कावलं, आता पळून जायला बघतंय, असा मॅडमांनी सरळ निकाल लावून टाकला. मॅडम मराठीच्या शिक्षिका; पोरांना ‘शहानिशा’ हा शब्द वाक्यात वापरायला लावतात, स्वतःवर वेळ आली की मात्र विसरतात. त्यांनी तेल्हाऱ्याच्या भावाला फोन केला, “किशोर, रविवारी येऊन याला शेतावर घेऊन जा.” आणि फोन ठेवून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत पेपर तपासायचे होते. फाटक्या जाळीतून भुऱ्या निसटू नये म्हणून त्यांनी खिडक्या झाडून साऱ्या लावल्या, कूलर काठोकाठ भरून चालू केला आणि निघाल्या. कूलर चालू असला की एक खिडकी उघडी लागते, हे वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगेल. पण धास्तावलेल्या माणसाला अक्कल कुठली?

दुपारी एकला कॉलनीच्या ग्रुपवर निरोप आला: डीपी जळाली, संध्याकाळपर्यंत लाइट नाही. बाहेर पंचेचाळीस अंश. घर बंद, कूलर बंद आणि आत भुऱ्या! पेपरांचा गठ्ठा तसाच टाकून मॅडम एसटीत बसल्या. शेजारच्या गोदाबाईंना सात वेळा फोन लावला. त्यांचा फोन नेहमीसारखा कपड्यांच्या पेटीत वाजत असणार. मूर्तिजापूर येईपर्यंत मॅडमांनी इतके नवस बोलून टाकले, की ते फेडायला एक जन्म पुरला नसता.

घरी पोचल्या, तर लोखंडी कूलर खिडकीतून ओढून गॅलरीत वाकडा उभा केलेला आणि खिडकीचं भगदाड सताड उघडं. आत भुऱ्या नाही. मॅडमांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली.

“बोंबलता कावून मॅडम? इकडं हाये तो!” शेजारच्या ओसरीतून गोदाबाईंचा आवाज आला.

ओसरीत ओल्या पोत्यावर भुऱ्या चारी पाय वर करून घोरत होता. त्यानं एक डोळा उघडून मॅडमांकडे पाहिलं, शेपूट दोनदा आपटलं आणि पुन्हा झोपला.

“लाइट गेली त मले काई सुदरेना,” गोदाबाई म्हणाल्या. “माहा विपुल जेवाले घरी आलता, त्याले म्हनलं, सरकव तो कूलर. हा बाहेर निंगाला न सरळ माह्याकडं पयत आला. माईत हाये न त्याले.”

“माहीत? ते कसं?”

“रोज तुमी गेल्या का तो त्या बाजूच्या खिडकीत येते. माही भाजी निवडनं चालते इकडं, त्याची भाकर चालते तिकडं. भाकरीचा कुटका जाळीतून जाये ना, म्हून काल त्यानं जाळीच फाडली. लय हावरट हाये!”

मॅडम ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. दोन वर्षांचं ओझं एका भाकरीच्या तुकड्यानं उतरवलं होतं.

“अन् मी त्याले रविवारी तेल्हाऱ्याले पाठवून रायली होती, काकू,” मॅडम त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

गोदाबाईंचा हसरा चेहरा एकदम उतरला. मुलगा विपुल जेवण उरकून दुकानात परत गेलेला, सून शाळेत शिकवायला; दिवसभर घरात ही म्हातारी आणि चार भिंती. त्यांनी भुऱ्याच्या पोटावर हात ठेवला.

“मंग मी दिवसभर कोनाशी बोलू, मॅडम?”

मॅडमांना इतके दिवस एकटा असा फक्त कुत्राच दिसला होता. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला.

“किशोर, रविवारी येऊ नको बाबा. इथं त्याच्यावाचून अडते.”