गार्डचं लक्ष पायांकडे

गार्ड माणसांच्या तोंडाकडे बघायचाच नाही, पायांकडे बघायचा. त्याने तयार केलेला खेळ खेळायला कुणी बसलं, की काहीतरी पडल्याचं निमित्त करून हा टेबलाखाली वाकायचा आणि कुणाचे पाय चपला शोधतायत ते पाहून घ्यायचा. "तोंड कुनाचंबी हसतंय रं," तो म्हणायचा, "कट्टाळा आला का पाय आधी उठत्यात."

शिरूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर आणि भाड्याच्या एकाच खोलीत होतो. मी निमोण्याचा, तो दौंडचा. वडील रेल्वेत गार्ड, म्हणून हाही गार्ड. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला सगळ्यांनी मोबाईलचं ॲप घेतलं, या बाबाने पटावरचा खेळ घेतला. शिक्रापूरच्या भंगारवाल्याकडचा जाड पुठ्ठा, सोडाबाटलीची बुचं आणि शर्टाची बटणं यांतून त्याचा 'जंक्शन' नावाचा खेळ उभा राहत होता. चार खेळाडू, चार गाड्या, फासे टाकून आपली गाडी पुढे न्यायची. बटणं बहुतेक माझ्याच शर्टांची होती.

एवढी काळजी करणारा पोरगा मी दुसरा पाहिला नाही. जेवताना, एसटीत, लेक्चरमध्ये एकच घोर: "मागं पडल्याला बसवून कसा ठिवायचा?" मला वाटायचं, खेळच तर आहे, हरणारा उठला तर उठला. मग एकदा दौंडला त्याच्या घरी गेलो आणि उलगडा झाला. त्याचा थोरला भाऊ, दादा, पोलीस भरतीत पळताना थोडक्यात मागे राहिला होता, आणि तेव्हापासून तो सगळ्यातूनच उठत होता. भरल्या ताटावरून, लग्नाच्या पंगतीतून, पाहुण्यांतून. उठायचा आणि आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचा. आई दाराला कान लावून उभ्या राहायच्या. वडील कायम ड्युटीवर, त्यामुळे सगळा भार गार्डवर. "खेळायला तेवढा भायेर येतो," तो मला हळूच म्हणाला. "पर मागं पडला का गेलाच आत. मला लई भ्या वाटतं रं." खरं सांगतो, त्या बंद दाराकडे बघून मलाही वाटलं.

उपाय दौंड स्टेशनातच होता. मनमाडकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला लावतात आणि शेवटचा डबा पहिला होतो. दौंडकरांना त्याचं काय कौतुक! गार्डने मात्र तेच खेळात आणलं. अर्ध्या डावात इंजिन फिरायचं, मागची गाडी पहिली व्हायची. खेळ घेऊन आम्ही निमोण्याला आमच्या आप्पांकडे गेलो. आप्पा म्हणजे माझे चुलते, सोसायटीच्या राजकारणात मुरलेले. त्यांच्या ओट्यावर चौघे बसले, आणि चौघांतला एकही फासा टाकेना. "म्होरं जाऊन काय करायचंय?" आप्पा म्हणाले. "इंजिन फिरल्यावर मागचाच राजा न्हाई का?" सगळे खो खो हसले. गार्डचा चेहरा मात्र साफ उतरला.

परतीच्या एसटीत तो एकदम बोलला, "फासा टाकायलाच लागंल. आन् इंजिन कवा फिरवायचं ते मागच्यानंच ठरवायचं. एकदाच. त्याच्या हातात दिऊ."

परीक्षेच्या दिवशी आमचा चौथा खेळाडू शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला. खेळाचं खोकं धरायला म्हणून गार्डने दादाला गोडीगुलाबीने आणलं होतं, आता त्यालाच बसवावं लागलं. फासाही मेला असा, की दादाची गाडी मागे ती मागेच. बाहेरून आलेले परीक्षक हसत म्हणाले, "हा गडी संपला वाटतं!" गार्ड केव्हाच टेबलाखाली गेला होता. मीही वाकलो. दादाने एका पायात चप्पल सरकवली होती आणि दुसऱ्या पायाचा अंगठा पट्टा चाचपत होता. गार्डने माझं मनगट घट्ट आवळलं.

"थांबा," दादाचा आवाज आला. "इंजिन फिरवायचं हाय मला."

गार्ड बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. "याचं ॲप का नाही केलंत?" असं विचारत परीक्षकांनी काठावर पास केलं. दादा जिंकलाही नाही, तिसरा आला. पण शेवटचा फासा पडेपर्यंत बसून होता.

पुढे नोकरीसाठी गार्ड बंगळूरला गेला आणि जाताना ते खोकं आणि त्याची काळजी दोन्ही माझ्या गळ्यात घालून गेला. दादाचं सगळं सुरळीत झालं असं नाही, ते दार अजूनही अधूनमधून लागतं. सुट्टी मिळाली की मी दौंडला जातो, त्याच्याबरोबर डाव मांडतो. डाव रंगात आला की हमखास फोन येतो. कोण पुढे आहे, हे गार्ड कधीच विचारत नाही. विचारतो, "पाय कुठं हायेत?"

परवा फोन कानाला लावूनच मी टेबलाखाली वाकलो. दादाच्या बाजूला नुसत्या चपला, पाय नव्हतेच. घाईघाईने वर पाहिलं, तर दादा खुर्चीतच होता, दोन्ही पाय वर घेऊन.

"सांग त्याला," फासा खुळखुळवत तो म्हणाला, "मांडी घालून बसलोय म्हनावं."