आजारी नाक्याची बाई

कचेरीत माणसं जेवढी आजारी पडतात, त्याच्या दुपटीनं किस्से होतात. इंग्रजांच्या अमदानीत मी तळोद्याला जंगल खात्यात कारकून होतो. आमच्या रेंजरसाहेबांचं ठाम मत होतं की आजार हा हाताखालच्या माणसांचा एक लबाड उद्योग आहे.

*

त्यांनी नियमच केला: रजा हवी तर समोर उभं राहून कोयनेल, म्हणजे हिवतापाचं औषध, गिळायचं. आजार कुठलाही असो. हेडक्लार्क आप्पांनी दाढदुखीपायी ते कडू जहर गिळलं. पुढच्या खेपेला त्यांनी अर्जात सरळ लिहिलं, "मेहुणीचं लग्न."

*

होळीला डोंगरातले गार्ड हटकून आजारी पडत. एका वर्षी त्यांना पकडायला साहेब स्वतः डोंगरातल्या काठी गावाला गेले. लोकांनी मानानं बसवून घेतलं, मग ढोल घुमला आणि साहेबही नाचले म्हणे. परत आले ते सुजलेले पाय घेऊन, आणि स्वतःच रजेवर गेले. कोयनेल घेतलंत का, हे विचारायची छाती कुणाची?

*

लाकडाच्या गाड्यांचे पास तपासणाऱ्या नाक्यावरच्या गार्डाला, वेस्ताला, मात्र खराच हिवताप होता, एक दिवसाआड येणारा. साहेबांनी नेमका मधल्या दिवशी त्याचा हात धरून पाहिला. वेस्ता म्हणाला, ताप उद्या येईल.

"ताप काय तुझ्याकडे नोकरीला आहे?" साहेब म्हणाले आणि रजा नामंजूर केली.

*

दुसऱ्या दिवशी वेस्ता अंथरुणात, आणि नाक्यावर त्याचा पट्टा बांधून त्याची बायको बुधी! डोंगरात रीतच तशी, एकजण पडला तर घरातलं दुसरं कामाला जातं. आप्पांनी हटकलं, तर म्हणाली, "ताप त्याले शे. कामले थोडाच ताप शे?"

तिनं बिनपासाची एकही गाडी सोडली नाही. अडवलेल्यांतली एक साहेबांच्या घरी सागाच्या फळ्या नेणारी होती.

वेस्ताच्या बडतर्फीचा हुकूम त्याच संध्याकाळी तयार झाला. तो मलाच लिहावा लागला, आणि मला फार वाईट वाटलं. पोरंबाळं असलेला माणूस.

*

सही सकाळी व्हायची होती. सकाळी साहेबच हुडहुडी भरून तीन घोंगड्यांखाली पडले. बुधी गयावया करायला बंगल्यावर आली. बाईसाहेबांनी सांगितलं, साहेब तापात आहेत, आज कचेरी बंद.

बुधीला काही उमगेना. "बाई, तू शेस ना घरमा? मंग कचेरी कशी बंद?"

बाईसाहेब वळून आत गेल्या. त्यांनी साहेबांवर चौथी घोंगडी टाकली, डोक्यावर पदर घेतला आणि कचेरीत येऊन थेट साहेबांच्या खुर्चीत बसल्या. आप्पांनी हुकूम पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, फाडला आणि म्हणाल्या,

"वेस्ताला म्हणावं, पुरता बरा झाल्याशिवाय येऊ नकोस. नाक्यावर त्याची बायको आहे. इथं मी आहे."