सुभेदारांच्या मिशीतली गांधीलमाशी

टर्पेंटाइनचा वास आला की अजून माझं नाक हुळहुळतं आणि सत्तरच्या दशकातली, सांगलीतल्या चित्रकलेच्या कॉलेजातली शेवटची परीक्षा आठवते. व्यक्तिचित्राच्या पेपरला मॉडेल म्हणून शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार बसवले होते. मिशी अशी, की दोन्ही टोकांवर एकेक कावळा आरामात बसावा. "हलू नका," एवढंच सर म्हणाले आणि सुभेदारांनी त्याची थेट पहाऱ्याची ड्यूटीच केली. माझ्या चित्रात फक्त डोळे रंगवायचे राहिले होते, आणि नापास झालो तर वडील मला कायमचा उसाच्या फडात उभा करणार होते. तेवढ्यात शेजारच्या गुळाच्या अडतीतून चिमणीएवढी गांधीलमाशी आली आणि सुभेदारांच्या मिशीत शिरली. आमचे श्वास थांबले. बाहेर कृष्णासुद्धा थांबली असेल. "आवं सुभेदार, झटका की तिला!" मागून कुणीतरी कुजबुजलं. ओठ न हलवता उत्तर आलं, "हुकूम न्हाई." माशी नाकाकडे सरकली. ते हलले असते तर त्यांची नजर बिघडली असती आणि तिच्याबरोबर माझा जन्म. पण ते हलले नाहीत, फक्त डोळ्यांत पाणी तरारलं, आणि मी तेच रंगवलं. वेळ संपता संपता मुंबईचे परीक्षक फिरत आले आणि माझ्या चित्रासमोर थबकले. "काय ही करुणा! किती सोसलंय या माणसानं!" मी पास! सरांनी "संपलं" म्हटल्यावरच सुभेदार उठले आणि वांग्याएवढं झालेलं नाक चोळत म्हणाले, "करुणा कसली सायेब, चावली की ती भवानी!" तेव्हापासून प्रदर्शनात कुणी चित्रातल्या डोळ्यांची तारीफ करू लागलं, की मी आधी त्याच चित्रातलं नाक बघून घेतो.