आधी माझ्या डोक्यावर

मालकीणबाईंनी, आमच्या वैनीसाबनी, माझा पदर ओढला. केस मुठीत धरलं आन् हिसका दिला. मान मोडली म्हणून समजा. किंचाळले, तर पाठीत गुद्दा.

"गप ऱ्हा गं. केसांनी मुळं धरलीत का बघतीया."

मळ्यातल्या समद्या बाया बघत हुत्या. मग खाली वाकून खुरपाय लागल्या.

हे सुरू झालं दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली. मलकापूरच्या अंगाला मालकांचा ऊस, मी खुरपायला. डोक्यावर चाई पडली, केस झडाय लागलं. आधी रुपयाएवढी, मग टाळूच उघडी. तीच चाई मालकांच्या लेकीला, शालूताईला. तिचं लगीन अडल्यालं. मालक म्हणाले, "चल, तुलाबी सांगलीला दावू." जीपमधी बसवलं. बौद्धवाड्यातल्या पोरीला मालकांची जीप!

डॉक्टर मालकांस्नी म्हणाला, "या गोळ्या जोरकस आहेत. आधी हिला देऊन बघू. मुलीला तोवर नुसत्या टॉनिकच्या देतो."

मी तिथंच हुते. मला वाटलं, चांगलं औषध आधी मला! येडी गं मी. हात जोडलं त्याला.

माझ्या पांढऱ्या गोळ्यांनी केस आलं, खोटं कशाला बोलू. पण तोंड भाकरीवानी फुगलं, पोटात नुसता जाळ. शालूताईच्या पिवळ्या गोळ्यांनी तिचं काय आलं न्हाई, काय बिघडलंबी न्हाई. आन् दर बाजारच्या दिवशी माझ्या केसाला वैनीसाबचा हिसका.

एकदा मालकांच्या अंगणात हिसक्यासरशी वकले. रगात. वैनीसाब लुगडं सावरत मागं सरल्या.

"पोट जळतंय, वैनीसाब."

"जळू दे. तुमच्या लोकांची पोटं दगडाची. आजून दुप्पट खा. माझ्या पोरीला कायबी होता कामा न्हाई."

तवा उजेड पडला. इखाची शंका आली की भाकरीचा तुकडा आधी कुत्र्याला टाकत्यात. ते कुत्रं मी हुते.

वैनीसाबचा हात परत माझ्या डोक्याकडं आला. मी मनगट धरलं, पिरगाळलं. तिचा हिरवा चुडा कचाकचा फुटला. काचा तिच्या हातात, माझ्याबी.

"डोकं माझं हाय. पुन्यांदा हात लावशील तर मुळापास्नं काढीन."

शालूताई दारात हुबी. कनवटीच्या पांढऱ्या गोळ्या तिच्या म्होरं फेकल्या. "ताई, ह्यानं केस येत्यात आन् रगात पडतं. खायाचं का न्हाई तू ठरव. मला कुणी इचारलं न्हवतं."

मालकांच्या गड्यांनी उसाच्या कांड्यांनी मला फोडलं. पाठ काळीनिळी. रडले न्हाई.

गोळ्या सुटल्या, केस गेलं. जाऊ देत. आता डोक्यावर पदर घेत न्हाई. उघडं डोकं घिऊन भर बाजारातनं जाते. ज्याला हात लावायचा आसंल त्यानं यावं. मनगट कसं पिरगाळायचं, हे मला आता ठावं हाय.