डेमो न घेणारी शाळा

सदर भागातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासात एक भिंत मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. आपल्यातलं कोणी परदेशात इंग्रजी शिकवायला गेलं की त्याचा फोटो इथे लागणार, असं दर बॅचला ऐकवायचे. सात वर्षं भिंत कोरीच. मुलं माझ्यामागे हसत, मला कळत नव्हतं थोडंच!

मग शहराबाहेरच्या बेसाहून येणाऱ्या एका मुलीला थायलंडमधल्या शाळेचं बोलावणं आलं. बी.एड. झालेली, गोड आवाजाची. मुलाखत तिनं व्हिडिओ कॉलवर, क्लासात बसूनच दिली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. शिक्षकाची मुलाखत म्हणजे डेमो आलाच; पंधरा मिनिटं समोर वर्ग आहे असं समजून शिकवून दाखवायचं. तो मी तिच्याकडून वीसदा घोटून घेतला होता. त्यांनी मागितलाच नाही. टायपिंगचा वेग विचारला. घरी कोण कोण असतं, वडील आहेत का, हे विचारलं. एक उतारा मैत्रिणीशी गप्पा मारल्यासारखा वाचायला लावला आणि तिथल्या तिथे निवड झाल्याचं सांगितलं.

"मॅडम, डेमो काहून नाही घेतला त्यांनी?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. तरी मी म्हणाले, "तुझा आवाज ऐकूनच कळलं असेल त्यांना." माझं सगळं लक्ष त्या भिंतीकडे होतं. लाज वाटते आता.

तिची आई पेढे घेऊन आली. "तुमच्या भरोशावर पाठवून राहिली मी," म्हणाली. मी दोन पेढे खाल्ले आणि त्याच आठवड्यात फोटो लावला.

ती गेल्यावर दीड महिन्यानं, एका रविवारी दुपारी, आई पुन्हा आली. हातात मोबाइल. "मॅडम, तिच्या शाळेतली पोरं कधी दिसत काहून नाहीत? अन् मायसंग बी इंग्रजीतच बोलून राहिली. मले काय समजते?"

तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरी भिंत, पोरगी वाळलेली. "जेवलीस का गं?" मी विचारलं. ती इंग्रजीत म्हणाली, माझी खोली मोठी आहे, शाळा छान आहे, इथले लोक प्रेमळ आहेत.

ही माझीच वाक्यं होती. 'परदेशातून घरी पत्र' हा सरावाचा कागद मी दर बॅचकडून पाठ करून घेते. त्यातलं शेवटचं वाक्य आहे, सुट्टीत मी घरी येणार आहे. मी त्याची वाट बघत राहिले. तिनं कॅमेऱ्याच्या वर कुणाकडे तरी पाहिलं आणि कॉल बंद झाला.

"काय म्हणे?" आईनं विचारलं.

"पोरगी तिथे कुणाच्या तरी धाकात आहे. पोलीस ठाण्यात जाऊ," मी म्हणाले आणि क्लासला कुलूप घातलं. ऑटोत आई पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाले आधीच काही वाटलं होतं का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.