कुसाबाईने शिवलेला खिसा

नवे चाळीस सदरे विकत आणायचे, चहाच्या पाण्यात बुचकळायचे, काचकागदाने घासायचे, की ते शेतकऱ्याचे दिसतात. शूटिंग संपलं की फेकून द्यायचे. सिनेमाच्या कपडेपटात मी तीन वर्षं हेच करत होते. देवळ्याला शूटिंग लागलं तेव्हा मी आमच्या कपडेपटाचे प्रमुख असलेल्या ज्ञानेश सरांना म्हटलं, नाशकात आमची कुसाबाई बोहारीण आहे, तिच्याकडूनच जुने घेऊ. सर मुंबईचे. बोहारीण म्हणजे काय, हे सांगण्यात माझा अर्धा दिवस गेला.

कुसाबाई गंगापूर रोडला जुन्या कपड्यांवर भांडी देते. म्हणजे द्यायची. तीन पँटींवर एक पातेलं, यात ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. आता सोसायट्यांचे वॉचमन तिला आत सोडत नाहीत, आणि गुडघेही गेलेत. त्यामुळे आमचं काम तिला देवासारखं धावून आलं. ती गाठोडी घेऊन आमच्यासोबत मुक्कामालाच आली. कपडे वापरायचे, धुऊन पुन्हा वापरायचे, अगदीच विरले तर गोधडीला. चिंधीही वाया नाही. प्रॉडक्शनने कौतुकाने ‘पर्यावरणस्नेही चित्रपट’ असा वीस फुटी प्लॅस्टिकचा फ्लेक्स लावला.

नायकाचा सदराही तिच्याच गाठोड्यातला. भांडणाच्या प्रसंगात त्याचा खिसा फाटला, चिखल लागला. कथेतल्या दुसऱ्या सकाळी नायक त्याच सदऱ्यात कांदा घेऊन बाजार समितीत जातो. सदरा जसाच्या तसा ठेवायचा, हे मी सगळ्यांना बजावलं. कुसाबाईला सांगायचं तेवढं राहिलं.

सकाळी पाहते तर सदरा धुतलेला, घडी घातलेला, खिसा शिवलेला. तुटकं बटणही लावलेलं.

“मावशी, हे काय केलंत?”

“फाटका कपडा मी कधी पुढं दिला नाय, पोरी.”

ज्ञानेश सरांनी आवाजही चढवला नाही. “म्हणूनच चार एकसारखे नवे घेतात. जुना एकच असतो. उद्यापासून सगळं मुंबईहून मागवू. बाईंना घरी सोडा.”

घरी जाऊन ती करणार काय होती? मला राग आला, जास्त स्वतःचाच. चूक माझी आहे, असं मी दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

कुसाबाई सरळ दिग्दर्शकाकडे गेली. “साहेब, तुमचा मानूस कांदा घेऊन बाजारात चाललाय ना?”

“हो.”

“काट्यावर पावती मिळती. ती ठेवनार कुठं?”

दिग्दर्शकाने माझ्या हातातल्या सदऱ्याकडे पाहिलं.

“आन् चार लोकांत जायचं तर गरीबसुदिक धुतलेलं घालतो. फाटकं तुमच्या डोक्यात हाय, साहेब. त्याच्या घरात नाय.”

दिग्दर्शकाने सदरा घेतला, शिवलेल्या खिशात दोन बोटं घालून पाहिली. मग म्हणाला, खिशाचा जवळून शॉट घ्या. नायकाने पावतीची घडी केली, शिवलेल्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला. दुसरा टेक लागला नाही.

ज्ञानेश सर कुसाबाईकडे न बघता म्हणाले, “बाई, उद्या सात वाजता.”

तिने मान हलवली आणि कपड्यांच्या गाडीच्या पायरीवर बसली. “आता बसते जरा,” म्हणाली. मी हिला लहानपणापासून ओळखते. आमच्या दारात आई तिला दर वेळी बस म्हणायची, आणि ती टोपली खाली न ठेवता उभ्यानेच पाणी प्यायची. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. तिच्यासाठी चहा आणायच्या निमित्ताने मी तिथून सटकले.